अमेरिकेचे हित आणि आमचे मोठेबाबा

अमेरिकेचे राष्ट्रहित नेमके कशात आहे, हे या जगात एकाच माणसाला निर्विवादपणे ठाऊक आहे. आणि तो माणूस सिंदी रेल्वे नावाच्या गावात, आमच्या घराला लागून असलेल्या घरात, कापसाने भरलेल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. ते माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. लघुसिंचन विभागातून निवृत्त झालेले, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधणारे, चहात साखर कमी पडली तर सहन करणारे, पण दूरच्या कुठल्याशा समुद्रात एखादे आरमार चुकीच्या दिशेला गेले तर जेवण टाकणारे गृहस्थ. अमेरिकेने आजवर त्यांचा सल्ला घेतलेला नाही, याचा त्यांना राग नाही. खेद आहे, आणि तोही अमेरिकेबद्दल. सकाळी मोबाइलवर बातम्या वाचता वाचता ते मान हलवतात आणि ओल नसताना पेरणी करणाऱ्या शेजाऱ्याविषयी बोलावे तशा सुरात म्हणतात, "चुकून राह्यले. पुन्हा चुकून राह्यले." कोण चुकते आहे, असे आमच्या घरात कोणी विचारत नाही.

या व्यासंगाचा उगम ज्ञात आहे. तरुणपणी त्यांची नेमणूक कारंजा घाडगे येथे होती. महामार्गावरच्या एका ढाब्यावर त्यांना भजी मिळाली, ती एका इंग्रजी नियतकालिकाच्या पानात बांधलेली. ते कोणत्या रद्दीतून विदर्भात आले, देव जाणे. लेख असा होता की बलाढ्य राष्ट्राने दुसऱ्यांच्या भानगडीत पडावे की पडू नये. लेखकाने इतरांची मते क्रमाने मांडली होती, खोडली होती, आणि "माझे स्वतःचे मत मात्र" असे म्हणून पान संपले होते. मोठेबाबा उठून ढाबेवाल्याकडे गेले. पुढची पाने कुठे आहेत, असे विचारले. ढाबेवाल्याने हात वर करून महामार्ग दाखवला: त्या पानांत बांधलेली भजी घेऊन एक ट्रक अमरावतीकडे निघून गेला होता. दुसरा कुणी हा प्रसंग विसरून गेला असता. मोठेबाबांनी शब्दकोश विकत घेतला, आणि तो लेखक काय म्हणणार होता याचा तर्क करण्यात पुढची सारी हयात घालवली.

त्या तर्कातून त्यांनी मानवजातीची जी विभागणी केली, तिच्यापुढे आमच्या विज्ञानातली वर्गीकरणे फिकी पडतील. त्यांच्या मते अमेरिकेत चार पंथ आहेत. जगाशी आपल्याला काय करायचे, आपले दार लावून बसावे, असे म्हणणारे ते कवाडबंद. कुणाची ताकद किती, कुणाच्या पारड्यात काय टाकले म्हणजे काटा सरळ राहील, एवढेच पाहणारे ते तराजूवाले. सगळ्या जगाचे भांडण आपणच मिटवले पाहिजे आणि मिटवताना चार उपदेशही केले पाहिजेत, असे मानणारे ते सरपंच. आणि शेताच्या बांधावर बसून, आतल्या दोघांना आपसांत झुंजू देऊन, अगदीच पीक तुडवले जाऊ लागले तरच उठणारे ते धुऱ्यावरचे. अमेरिकेसाठी केलेली ही मांडणी त्यांनी कालांतराने सिंदीलाही लागू केली. माझे वडील कवाडबंद. मोठी आई, म्हणजे त्यांची पत्नी, जन्मजात सरपंच. समोरचे किराणा दुकानाचे शेठजी हातात प्रत्यक्ष तराजू असूनही तराजूवाले नाहीत, ही विसंगती मोठेबाबांना फार वर्षे छळत आली आहे. विहारातल्या भंतेजींनाही त्यांनी सोडले नाही. एका वंदनेनंतर त्यांनी विचारले, "भंतेजी, मैत्री सगळ्यायवर सारखी ठेवाची म्हंता, मंग तोल कसा साधाचा? आन् यात तुमचं हित काय?" भंतेजी हसून म्हणाले, "तुमचे मन शांत झाले तर वंदना वेळेवर संपेल. हेच माझे हित." मोठेबाबा घरी येऊन म्हणाले, "मानूस तराजूवाला हाय. चेहऱ्यावरून वाटत नाई."

त्यांचे धोरण प्रत्यक्षात उतरल्याचे एक उदाहरण मी स्वतः पाहिले आहे. बाजाराच्या दिवशी शेठजींच्या दुकानासमोर बसण्याच्या जागेवरून दोन भाजीवाल्या बायकांची जुंपली. शेठजी मध्ये पडायला निघाले, तेव्हा मोठेबाबांनी त्यांचा हात धरला.

"शेठ, बसा. आपल्याले धुऱ्यावर राहाचं हाय."

"अरे साहेब, माझ्या दुकानासमोर झगडा होऊन राह्यला, आणि मी धुऱ्यावर?"

"तुमचं हित रस्ता मोकळा राह्यण्यात हाय. त्या दोघी एकमेकीले रोखून धरतीन. कोणीच पुढं येणार नाई."

शेठजी बसले. भाजीवाल्या अर्धा तास भांडल्या, मग दोघींच्या लक्षात आले की वर ओट्यावर दोन पुरुष बसून मजा पाहत आहेत. त्यांनी आपसांत काहीतरी ठरवले, टोपल्या उचलल्या, आणि एकीने शेठजींचा ओटा व दुसरीने मोठेबाबांचे अंगण कायमचे व्यापले. पुढे कित्येक बाजार मोठेबाबा कोथिंबिरीच्या जुड्या ओलांडून घरात जात. "धोरण बरोबरच होतं," ते सांगत. "बायायनं ते वाचलं नव्हतं."

कापसाविषयी सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. आमच्याकडे कापूस वेचून आणला की भाव चढेपर्यंत घरातच भरून ठेवण्याची रीत आहे. बाकीचे लोक त्यासाठी बाजार समितीकडे आणि शेजाऱ्याकडे पाहतात. मोठेबाबा वॉशिंग्टनकडे पाहतात. तिकडे कुणी आयात-निर्यातीवर काही बोलले की ते दोन दिवस विचार करतात आणि जाहीर करतात, "अजून थांबाचं." अशा रीतीने बैठकीची खोली संक्रांतीपासून उन्हाळ्यापर्यंत कापसाने भरलेली असते, पाहुणे कापसावर बसतात, कापसातले बारीक किडे पाहुण्यांवर बसतात, आणि सगळे घर खाजवत राहते. गावातले इतर लोक एकदाचे विकून मोकळे होतात, तरी मोठेबाबा थांबतात. कारण त्यांच्या मते अमेरिका आज ना उद्या स्वतःचे हित ओळखणारच. एकदा मोठ्या आईने कोपरापर्यंत खोबरेल चोळता चोळता विचारले, "देशाचं हित, देशाचं हित म्हंता. देश मंजे कोन? या घराचं हित कोनतं? तुमचं ते, का माही खाज ते?" मी राज्यशास्त्र शिकलेली नाही, पण पुढे एका विद्वानाचे व्याख्यान ऐकताना माझ्या लक्षात आले की तासाभरात त्यांनी मांडलेला आक्षेप मोठ्या आईने तेलाच्या बाटलीचे झाकण लावेपर्यंत मांडून टाकला होता. मोठी आई सरपंच पंथाची असल्यामुळे तिच्याशी वाद करण्यात तोल राहत नाही, एवढेच मोठेबाबा मला बाजूला घेऊन म्हणाले.

माझा त्यांच्याशी असलेला वाद निराळा होता. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. जे विधान कोणत्याही परिस्थितीत खोटे ठरू शकत नाही, त्यावर माझा विश्वास बसत नाही. राष्ट्रे फक्त स्वहितासाठी वागतात, हे मोठेबाबांचे सूत्र. अमेरिकेने कुठे सैन्य पाठवले, तर ते हितासाठी. परत बोलावले, तर तेही हितासाठी. स्वतःचे उघड नुकसान करून घेतले तर? "ते दूरचं हित," मोठेबाबा म्हणत.

"मोठेबाबा, असं तर काहीच खोटं ठरनार नाई. हे सूत्र नाई झालं, ही पिशवी झाली. काहीही टाका, मावते."

"तुमच्या विज्ञानात दूरच्या गोष्टी नसतेत का? ते तारे-बिरे?"

"त्या मोजता येतात."

"मंग हेही मोजता येईन. अजून कोनी मोजलं नाई," असे म्हणून ते खुर्ची जरा सावलीत सरकवत. माझ्या शिस्तशीर मनाला या माणसाचा वीट यायला हवा होता. प्रत्यक्षात वसतिगृहातून सुटीत घरी आले की पिशवी ओट्यावर टाकून मी आधी त्यांच्याकडे जात असे, कारण माझ्याशी बरोबरीने भांडणारे आमच्या घरात ते एकटेच होते. बाकीचे मला हुशार म्हणून सोडून देत.

मग ते पत्र आले. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला संशोधनासाठी घेतले. विषय कापसाच्या तंतूतल्या सेल्युलोजचा. बातमी ऐकून आई रडली, बाबा दार लावून आत बसले, शेठजींनी पेढ्यांचा पुडा पाठवला आणि मोठेबाबा खूप वेळ दाढी खाजवत राहिले. शेवटी म्हणाले, "मंजे आपला कापूस त्यायले नाई पाह्यजे, पन कापूस समजनारी पोरगी पाह्यजे. वा. तिथं तराजूवाले बसले असतीन."

प्रवेश मिळाला तरी व्हिसा उरला होता, आणि नकार मिळाला तर जागा हातची जाणार होती. नियम असा, की अर्जदार तिकडेच राहून जाईल असे गृहीत धरूनच अधिकारी खिडकीमागे बसतो; शिक्षण संपल्यावर आपण परत येऊ, हे पटवून देण्याचे ओझे आपल्यावर. ही माहिती मोठेबाबांना कळली मात्र, त्यांच्या अंगात वीज संचारली. आयुष्यभर ज्या धोरणाचा त्यांनी दुरून अभ्यास केला, ते आता त्यांच्या पुतणीला समोरासमोर भेटणार होते. त्यांनी तयारी हातात घेतली. कापसाच्या खोलीला गल्लीकडे एक गजांची खिडकी आहे. तिच्या आत, कापसाच्या ढिगावर, मोठेबाबा अधिकारी होऊन बसत. मी बाहेर गल्लीत, हातात कागद घेऊन उभी. कापूस दबत जाई, तसतसे अमेरिकेचे प्रतिनिधी हळूहळू खाली जात, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला खिडकीत फक्त दुपट्टा दिसे. मग मोठी आई मागून त्यांना बगलेत धरून वर काढी आणि मुलाखत पुढे चाले.

दुसऱ्याच दिवशी माझ्या मागे एक म्हातारी येऊन उभी राहिली. खिडकी, आत साहेब, बाहेर कागद घेतलेली पोरगी: आमच्या भागात याचा एकच अर्थ होतो. तिने कमरेची पिशवी सोडून आधारकार्ड काढले.

"काय भेटून राह्यलं वं इथं?"

मी काही सांगण्याआधीच आतून आवाज आला, "पुढं या. अमेरिकेत काऊन जाता?"

"मले कायले जा लागते बाप्पा अमेरिकेत! मले राशनमंदी सुनेचं नाव चढवाचं हाय."

"वापस याल का?"

"गेलीच नाई तं वापस कुठून येऊ? साहेब, तुमाले बरं नाई का?"

म्हातारीच्या मागे तोवर आणखी दोघे उभे राहिले होते. शेठजींनी दुकानातून येऊन सगळ्यांना समजावले आणि परत पाठवले. जाताना म्हातारी म्हणाली की साहेब चांगला आहे, फक्त त्याला उन्ह लागले आहे. मोठेबाबा मात्र प्रसन्न होते. इतकी शुद्ध कवाडबंद बाई त्यांनी यापूर्वी पाहिली नव्हती.

बाकीच्या प्रश्नांत त्यांना रस उरला नाही, हे मला लवकरच जाणवले. कोणते विद्यापीठ, कोणता विषय, खर्च कोण करणार, हे ते घाईने उरकत आणि चष्मा सावरून त्या एका प्रश्नावर, परत येण्याच्या कारणावर, येत. "वापस काऊन येशीन?"

मी आई-वडिलांचे नाव घेतले. "भावना हाय. भावना बदलते. पुढचं."

मी शेतीचे नाव घेतले. "कोरडवाहू. त्याच्यासाठी कोनी समुद्र ओलांडत नाई."

इथे संशोधनाला मोठा वाव आहे, असे म्हटले. "कुठं? जागा दाखव. साहेबाचं नाव सांग."

देशाची सेवा करायची आहे, असे म्हणाले, तेव्हा ते इतके हसले की कापसात कलंडले.

हे रोज चालले. सायंकाळी शेठजी दुकानाचे एक दार लावून ऐकायला येत आणि माझी बाजू घेत. "अरे साहेब, छोडो ना पोरीले. बोल देगी कुछ भी. तो गोरा साहेब काय इतकं विचारनार हाय?" मोठेबाबा हटत नसत. मला वाटे, ही त्यांची पद्धत आहे. आम्हीही नमुना तपासताना तो जिथे तुटण्याचा संभव अधिक, तिथेच पुन्हा पुन्हा ताण देतो. म्हणून मी दरवेळी अधिक बांधेसूद उत्तर घेऊन जात असे, आणि दरवेळी गजांआडून तेच ऐकू येई: "नाई पटलं. वापस काऊन येशीन?" एका संध्याकाळी माझा धीर सुटला. मी कागद खिडकीच्या पट्टीवर आपटले आणि म्हणाले, "मंग तुम्हीच सांगा मोठेबाबा. काय उत्तर देऊ?"

ते दंडाला खाजवत राहिले. मग म्हणाले, "मले ठाऊक असतं तं इचारलं असतं काऊन?"

शेठजींनी माझ्याकडे पाहिले, उठले, आणि दुकानाचे दुसरे दारही लावायला निघून गेले. मी त्या वेळी इतकेच नोंदवले की परीक्षकाकडे आदर्श उत्तर तयार नाही, आणि ही पद्धतीतली मोठी उणीव आहे.

मुंबईतली मुलाखत चहा गार होण्याच्या आत आटोपली. काचेमागच्या तरुण बाईंनी विषय विचारला, खर्च कोण करणार ते विचारले, माझ्याहून अधिक वेळ समोरच्या पडद्याकडे पाहिले, आणि व्हिसा मिळाल्याचे सांगितले. फुटपाथवरूनच मी घरी फोन लावला. मोठी आई इतक्या मोठ्याने ओरडली की भाजीवाल्याही गोळा झाल्या असाव्यात. मग फोन मोठेबाबांकडे गेला.

"काय उत्तर देल्लं?" अभिनंदन वगैरे काही नाही.

"विचारलंच नाई."

"वापस काऊन येशीन, हे?"

"नाई विचारलं, मोठेबाबा."

फोनमधून बाजाराचा गलका येत राहिला. मग ते म्हणाले, "त्यायनं इचाराले पाह्यजे होतं," आणि फोन मोठ्या आईच्या हातात दिला. अमेरिकेच्या चुका सांगताना त्यांचा आवाज नेहमी वर चढे. या वेळी तो चढला नव्हता.

मी अमेरिकेत येऊन आता एक हिवाळा सरला आहे. दर रविवारी, माझ्या सकाळी आणि त्यांच्या सायंकाळी, ते व्हिडिओ कॉल करतात. इथले लोक कोणत्या पंथाचे, याचा अहवाल त्यांना हवा असतो. शेजारच्या आजींना बर्फ काढणाऱ्या माणसाची चिंता असते, प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला मुलीच्या शाळेची. परराष्ट्र धोरणाचा विषय कोणी काढत नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मंजे तिथं मीच एकटा?" असे ते म्हणाले, आणि ‘तिथं’ म्हणताना त्यांनी खिडकीकडे हात केला, जणू अमेरिका गल्लीपलीकडे असावी. ते माझ्या जेवणाविषयी विचारतात, थंडीविषयी विचारतात, अमेरिकेचे काय चुकत आहे ते सविस्तर सांगतात. तो प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलेला नाही. मी वाट पाहते. कॉल संपत आला की त्यांचे ओठ किंचित हलतात, आणि मग ते म्हणतात, "बरं, ठेव. लाइट जाऊन राह्यली." मागे दिवा लख्ख लागलेला असतो.

गेल्या रविवारी मीच म्हणाले, "मोठेबाबा, आज खिडकीत बसा."

"काऊन?"

"मुलाखत पुरी नाई झाली आपली."

ते मोबाइल ओट्यावर उताणा ठेवून उठले. मला फक्त छपराची कवेलू आणि आकाशाचा तुकडा दिसत होता. आतून त्यांचा आवाज आला, मोठ्या आईला विचारणारा, माझा चष्मा कुठं ठेवला; आणि मोठ्या आईचा, ऐकाले चष्मा कायले लागते तुमाले. माझ्याजवळ बांधेसूद उत्तर तेव्हाही नव्हते, आजही नाही. कवेलूंवर उन्ह उतरत होते. आत काहीतरी सरकवल्याचा, कुणीतरी कापसावर बसल्याचा मऊ आवाज झाला, आणि मी खुर्चीतून उठून, कोणी पाहत नसतानाही, सरळ उभी राहिले.